लेकरांना घेऊन मराठवाड्यात: जून-जुलैमध्ये कुठे जावं?

प्रेषक: परभणीची सून

नमस्कार मंडळी,

यंदा इथे परदेशात शाळा सुटल्या की जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही परभणीला सासरी जातोय. ऑगस्टचा पहिला आठवडा संपेपर्यंत तिकडेच आहोत. थोरला सात वर्षांचा आहे, धाकटीला नुकतंच चौथं संपलं. मागच्या खेपेला दोघंही फार लहान होती, त्यामुळे घर, लग्नं आणि पाहुणे एवढ्यातच सुट्टी संपली. यंदा त्यांना बाहेर काढायचंय.

ह्यांनी यादी केलीय: अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, पैठण, लोणार, औंढा, नळदुर्ग, सहस्रकुंड. माझी शंका एवढीच, की चार वर्षांच्या लेकराला यातलं किती झेपेल? ऊन, पाऊस, साप-विंचू, सगळ्याचीच धास्ती वाटते. तिकडे लहान लेकरं घेऊन हिंडलेल्यांनी मनमोकळं लिहा.

---

प्रेषक: लातूरकर

ताई, नळदुर्ग बघायलाच हवा, पण घाई करू नका. बोरी नदी किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून वाहायला लागली की नर आणि मादी असे दोन धबधबे सुरू होतात. त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे, तिथे उभं राहिलं की पाणी समोरून पडद्यासारखं कोसळतं. माझा मुलगा तिथून हलायलाच तयार नव्हता. पण पाऊस चांगला झाला असेल तरच हे दिसतं, आणि ते बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरात. निघायच्या आधी गावात कुणाला तरी फोन करून ‘पाणी पडतंय का’ हे विचारा. उपळी बुरुजाच्या पायऱ्या खड्या आहेत, धाकटीला तिकडे नेऊ नका.

---

प्रेषक: संभाजीनगरच्या काकू

प्रिय परभणीच्या सूनबाई,

मी परत येऊन इथे स्थायिक झाले, तरी आपल्या तिकडच्या मराठी मंडळाच्या यादीवर अजून आहे. माझी नातवंडं तिकडून दर सुट्टीला येतात आणि त्यांच्यामागे मी हिंडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची यादी चांगली आहे, फक्त ती मोठ्या माणसांनी मोठ्यांसाठी केलेली आहे. लोणार आणि औंढा एका दिवसात गाडीला जमेल, लेकरांना जमणार नाही. एका दिवशी एकच ठिकाण ठेवा. सकाळी सहा-सातला घर सोडा आणि बारा वाजेपर्यंत सावलीला या. आणि यादी पावसाच्या हिशेबाने लावा: आधी शेत, मग लेणी, पाण्याची ठिकाणं सगळ्यात शेवटी. जूनमध्ये धबधब्याला गेलात तर कोरडे खडक बघून परत याल. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 पर्यंत जातो, मृगाचा पाऊस झाला की उतरतो. पण पाऊस लांबला तर जून सरेपर्यंत तलखी असते. तेव्हा पहिले आठ-दहा दिवस लांब कुठे जाऊच नका.

ते दिवस आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर घालवा. तुमच्या सासरचं शेत असणारच, नसलं तर भावकीत कुणाचं तरी असेल. पहिला पाऊस होऊन वापसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी झाली की पेरणीची धांदल सुरू होते. ट्रॅक्टर सगळीकडे आलेत, तरी कुणाकडे तिफण (बैलांची पेरणीची पाभर) चालत असेल तर लेकरांना मुद्दाम दाखवा. पुढे बैल आणि मागे चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर मूठ धरणारी बाई चालते, तिच्या बोटांतून दाणा कसा सुटतो ते जवळून बघण्यासारखं असतं. लेकरांना पेरायला द्यायचं असेल तर घरातले मुगाचे किंवा मक्याचे दाणे द्या. पाकिटातल्या सरकीला आणि सोयाबीनला औषध चोळलेलं असतं, त्याला लेकरांचा हात लागू देऊ नका. बांधाच्या कडेला दोघांना एकेक हातभर वाफा आखून द्या. मूग चार-पाच दिवसांत उगवतो आणि मग रोज शेतात जायचा हट्ट तीच धरतात.

आणखी एक गोष्ट याच दिवसांत दिसते. पाऊस पडून गेल्यावर सकाळी ओल्या काळ्या मातीवर मृगाचे किडे निघतात. लालभडक, मखमलीचे, हरभऱ्याच्या दाण्याएवढे. काडी जवळ नेली की आठही पाय पोटाशी घेऊन गप्प पडून राहतात आणि थोड्या वेळाने एकेक पाय सोडत पुन्हा चालू लागतात. माझी नात त्यांच्यासमोर तासभर उकिडवी बसली होती. चार-आठ दिवसच दिसतात, म्हणून सांगून ठेवते. डबीत भरून घरी आणू देऊ नका.

शेतात धास्ती कशाची धरायची, तर सापाच्या आधी पाण्याची. जुन्या विहिरींना कठडे नसतात. त्याहून धोक्याची आता शेततळी आहेत. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, तो इतका निसरडा की मोठा माणूससुद्धा पडला तर वर चढू शकत नाही. कुंपण असलं तरी लेकरांना तिकडे फिरकू देऊ नका, आणि कुणातरी एकाकडे फक्त लेकरांवर लक्ष ठेवायचं काम द्या. ‘सगळे आहेत की’ असं म्हटलं की कुणाचंच लक्ष नसतं.

आषाढीच्या आधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणीवरून पुढे गंगाखेड, परळी, अंबाजोगाईकडे जाते. ती कोणत्या दिवशी येतेय ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं. सकाळीच केळी आणि पाणी घेऊन लेकरांसह रस्त्याच्या कडेला उभे राहा. पांढऱ्या वेशातले टाळकरी-पताकाधारी ओळीने, शिस्तीत चालत येतात. लेकरांच्या हाताने केळं द्यायला लावा. वारकरी लेकरालाही ‘माउली’ म्हणून वाकतात, ते तुमच्या लेकरांनी अनुभवावं असं मला मनापासून वाटतं.

जुलैत दोन मुक्कामांसाठी इकडे या. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी, तेवढं बघून तिकिटं काढा. वेरूळला 34 लेणी आहेत, त्यातली तुम्ही फक्त दोन दाखवा. उघडताच 16 नंबरच्या कैलासात जा, तेव्हा गर्दी नसते आणि फरशी तापलेली नसते. अंगणात दगडाचे दोन मोठे हत्ती आहेत, सोंडा तुटल्यात. मंदिराच्या चौथऱ्याभोवती तर हत्तींची रांगच आहे, जणू त्यांनी सगळं देऊळ पाठीवर घेतलंय. थोरल्याला आधी एवढंच सांगा, की हे बांधलेलं नाही, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण याच्या काळात डोंगर वरून खाली कोरत आणलाय. मग त्यालाच विचारा, की पहिला घाव कुठे घातला असेल? तो मान वर करून शिखर बघत राहील. एवढं पुरे. राजांच्या वंशावळी त्या वयाला नकोत.

दुसरं 10 नंबरचं, ज्याला सुतार का झोपडा म्हणतात. छताला लाकडाच्या तुळयांसारख्या दगडी फासळ्या कोरल्यात, आणि आवाज असा घुमतो की लेकरांनी हलकेच ‘ओ’ म्हटलं तरी तो बराच वेळ रेंगाळतो. आधी इतर लोक बाहेर पडेपर्यंत थांबा. मोठ्याने ओरडायचं नाही हेही लेकरांना तिथे आपोआप कळतं.

दौलताबादला धाकटीसाठी हत्ती हौद, चांद मिनार आणि खंदकावरच्या पुलापर्यंत. थोरला आणि त्याचे वडील टॉर्च घेऊन अंधारी, म्हणजे किल्ल्यातला काळोखा भुयारी रस्ता चढून जाऊ शकतात. आत वटवाघळांचा वास असतो, पायऱ्या उंचसखल आहेत. तोवर तुम्ही दोघी खाली पेरू खा. माकडं फार आहेत, खाऊची पिशवी हातात दिसू देऊ नका.

संध्याकाळी पाणचक्कीवर या. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी भिंतीच्या माथ्यावरून हौदात पडतं, आणि त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं. शेजारी मोठा वड आहे. दिवसभराच्या दगडांनंतर लेकरांना असं काहीतरी हवं असतं.

आमच्याकडे मुक्कामाला आलात तर आनंदच आहे.

---

प्रेषक: जालन्याचा जावई

काकू, तुमचं बाकी सगळं पटलं, पण अजिंठा वगळू नका. आमची मुलगी सहा वर्षांची असताना नेलं होतं आणि तिला वेरूळपेक्षा अजिंठाच आवडला. आम्ही आदल्या रात्री तिला दोन जातककथा सांगून ठेवल्या: सहा सुळ्यांच्या हत्तीची, आणि आपल्या अंगाचा पूल करून कळपाला वाचवणाऱ्या वानरराजाची. दुसऱ्या दिवशी 17 नंबरच्या लेण्यात ती भिंतीवर तोच हत्ती आणि तोच वानर शोधत होती. आत उजेड मंद असतो, डोळे सरावायला वेळ द्या. 26 नंबरमध्ये निजलेले बुद्ध आहेत, सुमारे सात मीटर लांब. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं मोजत गेली.

चालणं बरंच आहे हे खरं. फर्दापूरच्या फाट्यापासून आत बसने जावं लागतं आणि मग पायऱ्या. बाबागाडी अजिबात उपयोगाची नाही, धाकटीसाठी पाठीवरची झोळी न्या. जुलैअखेर वाघूर नदी वाहायला लागली की लेण्यांच्या टोकाला सातकुंडाचा धबधबा लांबून दिसतो.

ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) जवळ ठेवा. ते दाखवलं की भारतीयांच्या दरात तिकीट मिळतं. 15 वर्षांखालच्या लेकरांना तिकीटच नाही.

---

प्रेषक: परभणीची सून

काकू, भाऊ, मनापासून आभार. पेरणीचं आणि पालखीचं आमच्या डोक्यातच नव्हतं, ह्यांनाही ते वाचून लहानपण आठवलं.

तीन गोष्टी विचारते. चुलत भावंडं बरोबर येतील का? वाटेत खायला काय न्यायचं, कारण धाकटीला तिखट चालत नाही. आणि शेतात असताना वीज-वादळ आलं तर काय करायचं?

---

प्रेषक: संभाजीनगरच्या काकू

भावंडांच्या शाळा जूनच्या मध्यात सुरू होतात, म्हणून त्यांच्याबरोबरचे बेत शनिवार-रविवारीच ठेवा. पण ठेवाच. लेकरं आईवडिलांबरोबर हिंडतात ते वेगळं आणि चुलत बहिणीचा हात धरून हिंडतात ते वेगळं. माझ्या नातवाचं मराठी पाच दिवसांत जेवढं सुटलं, तेवढं आमच्या वर्षभराच्या व्हिडिओ कॉलनी सुटलं नव्हतं.

खायला दशम्या. दुधात भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाच्या, थोडा गूळ घालून. प्रवासात टिकतात आणि धाकटी नुसत्या तुपाबरोबरही खाईल. मोठ्यांना धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. दही बरोबर नेऊ नका, वाटेत मागून घ्या. पाणी घरूनच उकळून भरून न्या, ओआरएसची पाकिटं ठेवा.

विजेचं मात्र मनावर घ्या. आपल्याकडे जूनमध्ये दुपारनंतर ढग भरून येतात आणि दरवर्षी शेतात माणसं, जनावरं दगावतात. म्हणून शेतावरून दुपारी दोनच्या आत घरी. फोनवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप घ्या, आसपास वीज पडायची शक्यता असली की ते कळवतं. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा काचा लावून गाडीत बसा. झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये, पाण्याच्या मोटारीच्या खांबाजवळ थांबायचं नाही. लिंबाखाली सावली म्हणून उभं राहायची सवय सगळ्यांना असते, सासऱ्यांनाही स्पष्ट सांगा.

लेकरांना शेतात पायात बंद बूट, आणि ते घालायच्या आधी झटकून. विंचू किंवा साप चावलाच तर मांत्रिक, जडीबुटी काही नाही. चावलेला हात-पाय हलवू न देता थेट सरकारी दवाखाना, तिथे सापाचं औषध ठेवतात. रुग्णवाहिकेसाठी 108. घरातल्या सगळ्यांना आधीच विचारून ठेवा, की जवळचा मोठा सरकारी दवाखाना कोणता आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो.

सहस्रकुंड या खेपेला सोडा. पैनगंगेचं पाणी वाढलं की खडक गुळगुळीत होतात, चार वर्षांच्या लेकराला तिथे सारखं धरून ठेवावं लागेल. त्याऐवजी नांदेडला जा, परभणीहून रेल्वेने सहज होतं. सचखंड गुरुद्वारात लंगरच्या पंगतीत लेकरांना बसवा. औंढा घराजवळच आहे, ते एखाद्या सकाळी होऊन जाईल.

---

प्रेषक: परभणीची सून

काकू, ह्यांच्या यादीतली तीन नावं कालच खोडली: लोणार, पैठण, सहस्रकुंड. नळदुर्ग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, फोन करून पाणी असेल तरच. सासूबाईंना मुगाच्या बियाण्याचं सांगितलं, त्यांनी गेल्या वर्षीचे दाणे वेगळे काढून ठेवलेत. शेततळ्याच्या कुंपणाला एका बाजूने दारच नाही असं दीर म्हणाले, आम्ही यायच्या आत ते बसवून घेणार आहेत.

जालन्याच्या भाऊंना एक विनंती: वानरराजाची गोष्ट तुम्ही जशी सांगितलीत तशी मला लिहून पाठवाल का?