मदत हवी आहे : मुलगी एकटीच इटलीला निघाली आहे

नमस्कार. माझी २३ वर्षांची मुलगी ऑक्टोबरमध्ये १२ दिवस रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस फिरणार आहे. एकटी, स्वतःच्या पगारातून. तिला अडवायचं नाही. तिच्या वयाची असताना मला अडवलं होतं, ते अजून सलतं. पण विमान रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर रात्री पावणेअकराला उतरतं, आणि तिथेच माझा जीव अडकलाय. बॅग हातात येईपर्यंत साडेअकरा तरी होणार. तेर्मिनीला, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनला, थेट रेल्वे ३२ मिनिटांत पोचवते, पण त्या वेळी ती मिळेल का? मिळाली तरी हॉस्टेलपर्यंत मध्यरात्री दहा मिनिटं चालायचं. त्यापेक्षा रांगेतली पांढरी अधिकृत टॅक्सी घ्यावी, की पहिली रात्र विमानतळाजवळच काढावी?

आपत्कालीन ११२ आणि तिथला महिलांसाठीचा मदतीचा १५२२ हे दोन्ही नंबर तिने कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये सरकवलेत, फोन चोरीला गेला तर म्हणून. खिसेकापूंची मला तेवढी भीती नाही, पैसे गेले तर गेले. कुणी मागेच लागलं तर तिने नेमकं काय करायचं? तिकडे एकट्या फिरलेल्या मुलींनी सांगितलं तर फार आधार वाटेल.