मदत हवी आहे : खतावरच्या सवलतीने जेवण बदललं का?

आफ्रिकेतल्या मलावी देशात 2005-06 पासून लहान शेतकऱ्यांना कूपनवर सवलतीत खत आणि मक्याचं बियाणं मिळू लागलं. त्यावरचं संशोधन वाचतोय. मका किती वाढला यावर भरपूर लिहिलंय, पण ताटात काय बदललं? मक्याने पोट भरतं. लोह, अ जीवनसत्त्व डाळी, भाज्या, अंड्यांतूनच यायला हवं, म्हणून मला हाच प्रश्न मोठा वाटतो.

स्त्रियांच्या आहारातली विविधता 10 अन्नगटांवर मोजतात: गेल्या 24 तासांत किमान 5 गट पोटात गेले का? पण सुगीनंतरचं उत्तर आणि सुगीआधीच्या, जानेवारी-फेब्रुवारीतल्या टंचाईतलं उत्तर एक कसं असेल?

त्याच घरांना दोन्ही हंगामांत विचारलेला एखादा अभ्यास कुणाला माहीत आहे का? शेजारच्या झांबियातला असला तरी चालेल.