मदत हवी आहे: आईचे गुडघे आणि मुंबई

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात लातूरहून मुंबईला येतेय. सोबत आई (वय ७१) आणि नऊ वर्षांचा भाचा. रविवारी सकाळी सीएसएमटीला उतरणार, मुक्काम फोर्टात, मंगळवारी रात्रीच्या गाडीने परत. आई सपाटीला हळूहळू चालते, पण जिना दिसला की तिचा चेहरा पडतो. आणि मुंबई म्हटलं की मला आधी रेल्वेचे पूलच आठवतात.

बेत असा: रविवारी दुपारी डोंबिवलीला मामाकडे. सोमवारी घारापुरीची लेणी. मंगळवारी सिद्धिविनायक, कारण आईला मंगळवारच हवा. भाच्याची मागणी एकच, डबल डेकर बस, वरच्या मजल्यावर पुढची सीट.

डोंबिवलीला आईला लोकलने नेणं झेपेल का, की सरळ टॅक्सी करू? नव्या भुयारी मेट्रोने कुणी वयस्कर माणसांना नेलंय का? नकाशा बघ म्हणू नका, बघितलाय. त्यात अंतर कळतं, जिने कळत नाहीत.

मुलुंडचा_म्हातारा:
ताई, रविवार, दुपार आणि मध्य रेल्वे हे तीन शब्द एका वाक्यात घेऊ नका. मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद. साधारण अकरा ते चार. जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, गर्दी होते, वेळापत्रक कोलमडतं. आदल्या दिवशी पेपरात येतं ते बघा आणि पाचच्या पुढे निघा.

बाकी लोकलच घ्या. टॅक्सीने डोंबिवली म्हणजे पैसेही जातील आणि ट्रॅफिकमध्ये आईंचे पाय आखडतील ते वेगळंच. सीएसएमटीची मजा अशी की गाड्या तिथेच संपतात, म्हणून फलाटावर जायला पूलच नाही. रस्त्यावरून आत या, सरळ चालत गाडीत बसा. लोकल १ ते ७ वर, तुमची लातूरची गाडी त्यापुढच्या एखाद्या फलाटावर लागेल. तीही तशीच, उतरलात की चालत बाहेर. फक्त डबा मागे असेल तर चाल बरीच पडते, आईंना घाई करू नका.

कल्याण फास्ट सव्वा तासाच्या आत डोंबिवलीला टाकते. खिडकी हवी असेल तर सीएसएमटीवरूनच सुटणारी डोंबिवली स्लो पकडा, वेळ जास्त पण निवांत. डोंबिवलीला सरकते जिने आहेत. मामांना फलाटावरच घ्यायला बोलवा, पूर्व की पश्चिम हे आधी विचारा, नाहीतर पूल दोनदा होईल.

रोजची_८_१२:
महिलांच्या डब्यात बसा. बारा वर्षांखालचा मुलगा चालतो. आणि साध्या तिकिटावर एसी लोकलमध्ये चढू नका, त्याचं तिकीट वेगळं. खिडकीला रांग असली तर एटीव्हीएम मशीनजवळ बहुतेक वेळा तिकीट काढून देणारे काका असतात.

गिरगावकर:
घारापुरी सोमवारी बंद! हे कुणी सांगितलं नाही अजून? आणि चालू असती तरी नको. लाँचचा तास, मग धक्क्यावरून छोटी गाडी, ती संपली की वर शंभरावर पायऱ्या. डोलीवाले मिळतात, पण तुमच्या आई डोलीत बसतील का ते तुम्हालाच माहीत. माझी बसली नसती.

त्याऐवजी सोमवारी राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय. पोरगं पेंग्विन बघून खूश होईल (बाग बुधवारी बंद असते, सोमवारी नाही). फोर्टातून काळी-पिवळी टॅक्सी करा, मीटरने. किमान भाडं ३१ रुपये. रिक्षा शोधत बसू नका, वांद्रे-शीवच्या अलीकडे रिक्षा नाहीच.

डबल डेकर: ए-११५ नंबरची बस, सीएसएमटी ते एनसीपीए (नरिमन पॉइंटचं नाट्यगृह). एसी आहे. वर चढायला जिना आहे, तेव्हा आई खाली आणि तुम्ही वर. उतरल्यावर समोर समुद्र.

लातूरकरीण (धागाकर्ती):
बाप रे, सोमवार बंद! वाचलो. डोलीचं विचारलं, "मी काय नवरी आहे का" म्हणाली. राणीची बाग पक्की. मेट्रोचं कुणी सांगा ना.

प्रभादेवी_पूर्व:
भुयारी मेट्रो (तिचं नाव ‘मेट्रो ३’) ऑक्टोबर २०२५ पासून पार कफ परेडपर्यंत आली आहे. सीएसएमटी ते सिद्धिविनायक एकच गाडी, मध्ये बदल नाही. मंदिर स्टेशनच्या जवळच. खोल आहे खरी, पण लिफ्ट आहेत. सगळ्या गेटना लिफ्ट नसते, म्हणून पहिलं दिसेल त्या जिन्याने उतरू नका, लिफ्टची खूण असलेलं गेट शोधा. तिकीट वर असतानाच काढून ठेवा, खाली मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही.

मंगळवारची गर्दी मात्र भयंकर. सकाळच्या पहिल्या मेट्रोने निघा आणि ज्येष्ठांच्या रांगेचं गेटवरच विचारा. संध्याकाळी अजिबात नको.

लातूरकरीण:
सगळ्यांचे आभार. एक राहिलंच, मंगळवारी दुपारी खोली सोडल्यावर रात्रीपर्यंत सामान कुठे ठेवू?

मुलुंडचा_म्हातारा:
सीएसएमटीलाच क्लोकरूम आहे. तिकीट दाखवावं लागेल. बॅगांना कुलूप हवं, त्याशिवाय घेत नाहीत.