टी-शर्टवरचा गोल लोगो अंडाकृती होतो: दोष फ्रेमचा की फ्रेम लावण्याचा?

प्रश्न – नवी सुई

माझ्याकडे पंधरा सुयांचे सिंगल हेड एम्ब्रॉयडरी मशीन आहे आणि मुख्यतः कॉलरच्या टी-शर्टवर छातीच्या डाव्या बाजूला लोगो भरून देण्याचे काम मी करतो. फाइलमध्ये ८० मिलिमीटर व्यासाचे असलेले वर्तुळ फ्रेम (आतल्या आणि बाहेरच्या रिंगमध्ये कापड पकडून ठेवणारी चौकट) काढताच चपटे दिसू लागते, बाहेरची आउटलाइन आतल्या भरावापासून एका बाजूला सुटते आणि भोवती बारीक चुण्या पडतात. गडद रंगाच्या शर्टवर रिंगचा वळ उमटतो, तो वेगळाच. अस्तर भरलेल्या जाड जॅकेटवर तर काम अर्ध्यावर आले की आतली रिंग निसटून वर येते. डिजिटायझर, म्हणजे लोगोवरून मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवणारा, म्हणतो की फाइल बरोबर आहे, आणि तीच फाइल जाड सुती कापडावर खरोखरच गोल उतरते. कापड डफासारखे वाजेपर्यंत ताणावे असे मला शिकवले गेले आहे व मी ते निष्ठेने पाळतो. आता चुंबकाने कापड धरणारी मॅग्नेटिक फ्रेम घ्यावी की जबड्यात दाबून धरणारा क्लॅम्प, या विचारात आहे.

उत्तर १ – रीळ आणि बॉबिन

तीच फाइल सुती कापडावर गोल उतरते, या आपल्या वाक्यातच निम्मे उत्तर आहे. डफासारखा ताण उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेल्या पक्क्या कापडासाठी ठीक आहे. होजियरीचे, म्हणजे टी-शर्टचे ताणले जाणारे कापड मात्र फ्रेममध्ये ताणले की टाके त्या ताणलेल्या अवस्थेत बसतात, फ्रेम काढल्यावर कापड मूळ मापावर परत येते आणि टाक्यांना परत येता येत नाही. चुण्या तिथेच जन्माला येतात. अशा कापडात ताण बॅकिंगने, म्हणजे खाली आधाराला लावलेल्या थराने, घ्यायचा असतो. शर्टने त्यावर केवळ सपाट, न ओढलेले पडून राहायचे असते.

विश्वास बसत नसेल तर फ्रेम लावण्यापूर्वी शर्टवर खडूने १०० मिलिमीटरची एक उभी आणि एक आडवी रेघ काढा व फ्रेम लावल्यानंतर दोन्ही पुन्हा मोजा. रेघ वाढली असेल, तर मशीन सुरू होण्याआधीच वर्तुळ बिघडलेले आहे.

लावताना स्क्रू आधीच त्या कापडाच्या आणि बॅकिंगच्या एकत्रित जाडीपुरता जुळवून घ्या, म्हणजे आतली रिंग तळहाताच्या दाबाने बसेल आणि नंतर पिळावे लागणार नाही. बसल्यावर ती बाहेरच्या रिंगपेक्षा किंचित खाली, साधारण एक मिलिमीटर, गेलेली असावी. आणि त्यानंतर कडेने बाहेर आलेले कापड चिमटीत धरून ओढण्याचा मोह टाळावा. बहुतेक सगळा बिघाड या शेवटच्या ओढण्यात होतो, कारण ती ओढ एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी बसते. टी-शर्टला कट-अवे (फाडून न काढता कात्रीने कापायचे) बॅकिंगच द्या, ते फ्रेमच्या चारही कडांबाहेर येऊ द्या, आणि लोगो मावेल तेवढी लहानात लहान फ्रेम निवडा. आयताकृती फ्रेमच्या लांब बाजू मध्यभागी किंचित बाहेर झुकतात व तिथली पकड ढिली पडते. गोल फ्रेमची पकड सगळीकडे सारखी असते.

डिजिटायझरलाही पूर्ण सोडू नका. टाके आपल्या दिशेने कापड आत ओढतात, म्हणून होजियरीसाठी पुल कॉम्पेन्सेशन (ही ओढ भरून काढायला आकारात ठेवलेली वाढ) वाढवलेली आणि खाली नीट अंडरले (मुख्य भरावाखालचे आधाराचे टाके) दिलेली स्वतंत्र फाइल असावी लागते.

उत्तर २ – जाड कापडवाला

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त जॅकेटचा प्रश्न वेगळा आहे. तिथे रिंगखाली शिवण किंवा चेन येते, एका ठिकाणी जाडी वाढते आणि तिच्या शेजारची जागा मोकळी राहते. स्क्रू कितीही पिळला तरी ती भरत नाही. मॅग्नेटिक फ्रेम जाडीनुसार आपोआप बसते आणि रिंग आत घासत नसल्याने वळही कमी पडतो, त्यामुळे जॅकेटसाठी ती घ्यावी असे माझे मत आहे. तिचे चुंबक बोटे चेमटण्याइतके जोरदार असतात आणि पेसमेकर असलेल्या व्यक्तीने त्यांच्यापासून दूर राहावे.

क्लॅम्पची शिफारस मी टी-शर्टसाठी करणार नाही. जिथे रिंग शिरूच शकत नाही, म्हणजे बॅगेचा पट्टा, खिसा, बूट, तिथले ते साधन आहे. क्लॅम्प कापड कडेने दाबून धरतो, सगळीकडून ताणत नाही. त्यामुळे सुई वर येताना कापडही तिच्याबरोबर उचलले जाते, टाके चुकतात आणि धागा तुटतो. म्हणून खाली कडक बॅकिंग घेऊन वेग मिनिटाला ६०० टाक्यांच्या आसपास ठेवावा लागतो. आणि ट्रेस केल्याशिवाय, म्हणजे टाके न घालता डिझाइनच्या कडेने फ्रेम एकदा फिरवून पाहिल्याशिवाय, स्टार्टचे बटण दाबू नये. एका चामडी पट्ट्यावर घाईत मी ट्रेस टाळला, सुई क्लॅम्पच्या लोखंडी जबड्यावर आदळली, तुटलेला तुकडा खालचा धागा पकडणाऱ्या हुकपाशी अडकला आणि सुई व हुक यांचा मेळ (टायमिंग) पुन्हा लावण्यात सबंध दुपार गेली.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद – नवी सुई

रेघांची चाचणी घेतली. उभी रेघ १०६ झाली होती आणि आडवी ९८, म्हणजे मी शर्ट उभा ओढत होतो. न ओढता पुन्हा लावला तेव्हा दोन्ही १०० च राहिल्या आणि वर्तुळ डोळ्यांना गोल दिसते. आउटलाइन एका कोपऱ्यात अजून थोडी सुटते, ती डिजिटायझरकडे पाठवली आहे. गडद शर्टवरचा वळ मात्र फिकट का होईना, दिसतोच.

उत्तर ३ – रीळ आणि बॉबिन

आतल्या रिंगवर सुती पट्टी एकसारखी गुंडाळा; पकड वाढते, स्क्रू ढिला ठेवता येतो आणि कडेचा दाब मऊ होतो. उमटलेला वळ वाफेने उठतो, परंतु इस्त्री कापडाला टेकवू नका, विशेषतः पॉलिस्टरवर, नाहीतर वळाच्या जागी कायमची चकाकी येईल. शर्ट दुपारच्या जेवणाच्या वेळी फ्रेममध्ये तसाच ठेवून जाऊ नका, तेवढ्या वेळात वळ पक्का होतो. आणि फ्रेम मशीनवर चढवल्यावर एकदा खालून हात फिरवून पाठीचा भाग मोकळा आहे ना, हे पाहा. छाती आणि पाठ एकत्र शिवून टाकलेले शर्ट आमच्याकडे आता मशीन पुसायला वापरतात.