हॅनिबल लेक्टर अगदीच हवेतून नाही आलेला

कुणीतरी म्हटलंय की 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मधल्या लेक्टरसारखा सायकियाट्रिस्टच नरभक्षक सिरीयल किलर हे जरा अतीच वाटतं, म्हणून हे टंकतोय. लेक्टरचा लेखक थॉमस हॅरिस साठच्या दशकात रिपोर्टर असताना मेक्सिकोत माँतेरेच्या जेलमध्ये एका अमेरिकन कैद्याची मुलाखत घ्यायला गेला होता, तिथे त्या कैद्यावर उपचार केलेला एक डॉक्टर भेटला, एकदम शांत, सुसंस्कृत वगैरे, आणि तोच उलट हॅरिसला त्या कैद्याबद्दल प्रश्न विचारत बसला. निघताना हॅरिसने वॉर्डनला विचारलं की हे डॉक्टर इथे किती वर्षं कामाला आहेत, तर कळलं की अहो तो स्वतःच कैदी, खुनाच्या गुन्ह्यातला! हे हॅरिसने स्वतःच 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' या कादंबरीच्या २५ वर्षांनंतरच्या आवृत्तीत सांगितलंय, डॉक्टरचं नाव अर्थात बदलून. म्हणजे भेटायला आलेल्या क्लॅरिसला (कथेतली एफबीआयची प्रशिक्षणार्थी) गजाआडून प्रश्न विचारणारा लेक्टर कुठून आला ते बघा.

फक्त तो खरा डॉक्टर सायकियाट्रिस्ट नव्हता, सर्जन होता, आणि नरभक्षण वगैरे मसाला हॅरिसचा. १९९१ च्या 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' सिनेमात लेक्टर झालेला अँथनी हॉपकिन्स फार थोडा वेळ दिसतो तरी बेस्ट अ‍ॅक्टरचं ऑस्कर घेऊन गेला, कारण भीती वाटते ती त्याच्या ऐकून घेण्याची. लेक्टरवरची मॅड्स मिकेलसनवाली 'हॅनिबल' सिरीज पण भारी आहे, पण जेवताना बघू नका, मी पोहे खात बघत होतो, प्लेट तशीच राहिली :)