हेलिकोबॅक्टर पायलोरी: पूर्ण कोर्स घेऊनही संसर्ग कायम

प्रश्न:
वडिलांच्या एन्डोस्कोपीत जठराचा व्रण आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातील जिवाणूचा संसर्ग आढळला. क्लॅरिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिन व पॅन्टोप्राझोल असा १४ दिवसांचा कोर्स त्यांनी एकही डोस न चुकवता घेतला, तरी नंतरची श्वास-चाचणी पॉझिटिव्हच आली. हाच कोर्स पुन्हा द्यावा का?

प्रतिसाद १:
मुळीच नाही. क्लॅरिथ्रोमायसिन जंतूच्या रायबोसोमला (प्रथिने बनवणाऱ्या पेशीतील यंत्रणेला) चिकटून प्रथिननिर्मिती रोखते. त्या जागेत जनुकीय बदल झाला की औषध चिकटतच नाही, आणि साध्या सर्दीखोकल्यालाही त्याच गटातले अझिथ्रोमायसिन ऊठसूट घेण्याच्या आपल्या सवयीने अशा जंतूंचे चांगलेच फावते. अशा वेळी सहसा बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि पॅन्टोप्राझोलसारखे आम्ल कमी करणारे औषध, अशी चार औषधे १४ दिवस देतात. भारतात मेट्रोनिडाझोललाही प्रतिरोध (जंतूंनी औषधाला दाद न देणे) पुष्कळ आहे. मात्र पुरेशी मात्रा, पूर्ण मुदत आणि बिस्मथची जोड असल्यास त्यावर बऱ्याच अंशी मात करता येते. निर्णय अर्थात पोटविकारतज्ज्ञांचाच.

प्रतिसाद २:
बिस्मथमुळे शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरू नये. पण व्रणाच्या रुग्णाला डांबरासारखे चिकट, दुर्गंधीयुक्त शौच होऊन चक्कर येत असेल, तर तो रक्तस्राव समजून तातडीने रुग्णालय गाठावे. टेट्रासायक्लिन दुधासोबत घेऊ नये.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पुन्हा चाचणी केव्हा करावी?

प्रतिसाद १:
कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, आणि पॅन्टोप्राझोल दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून थांबवून. अन्यथा जंतू असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते.