साखर कमी केली तर तो स्वीट टी राहतो का?

डुलुथकर

गेल्या शनिवारी आमच्याकडे पॉटलक (प्रत्येकाने काहीतरी आणायचं असं जेवण) होतं. मी स्वीट टी, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतला साखर घातलेला थंड चहा, केला होता. एका पाहुण्याने घोट घेतला आणि म्हणाला, "अरे, हा चहा आहे की गुलाबजामचा पाक?" मग जो वाद पेटला तो लोकांनी गाडीच्या किल्ल्या हातात घेतल्या तरी विझेना. म्हणून इथे आणतोय.

जॉर्जियात अकरा वर्षं झाली. ही कृती शेजारच्या, मूळच्या मेकनच्या (हेही जॉर्जियातलंच गाव) बाईंकडून शिकलो. एका गॅलनसाठी (पावणेचार लिटर आणि थोडा वर) लिटरभर पाणी खळखळून उकळायचं आणि गॅस बंद करायचा. त्यात लुझियान ब्रँडच्या चहाच्या चार फॅमिली साइझ पिशव्या आणि चिमूटभर खायचा सोडा टाकून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. पिशव्या काढताना पिळायच्या नाहीत, सगळा कडवटपणा तिथेच उतरतो. मग वाफ निघत असतानाच दोन कप साखर घालायची आणि तळाशी चमचा कुरकुरायचा थांबेपर्यंत ढवळायचं. उरलेलं पाणी थंड घालायचं. फ्रीजमध्ये लगेच नाही, आधी ओट्यावर निवू द्यायचं.

माझं म्हणणं एवढंच की साखर ही यात वरून घालायची वस्तू नाही, ती चहाबरोबरच मुरते. अर्धी केलीत तर जे होईल ते आनंदाने प्या, पण त्याला स्वीट टी म्हणू नका.

तिखटजाळ

दोन कप म्हणजे 400 ग्रॅम. गॅलनचे 16 ग्लास धरले तर ग्लासमागे 25 ग्रॅम, म्हणजे सहा चमचे. आणि तिकडचा हॉटेलातला ग्लास या हिशेबातल्या तीन-चार ग्लासांएवढा असतो, वर फुकट भरून देतात. आपल्या घराघरांत मधुमेह आहे हो. परंपरा म्हणून काय काय प्यायचं?

डुलुथकर

@तिखटजाळ, रोज प्या असं कोण म्हणतंय? पुरणपोळीत गूळ किती हे तुम्ही होळीला मोजता का?

मोगरा

मी नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरात असते. इथे हॉटेलात मी बिनधास्त 'अर्धा स्वीट, अर्धा अनस्वीट' मागते. आजवर कुणाच्या कपाळाला आठी पडलेली पाहिली नाही. तेव्हा हा कडवेपणा स्थानिकांचा कमी आणि आपल्या बाटग्यांचा जास्त, असं माझं मत. (बाटग्याची बांग मोठी असते, हलके घ्या.)

आता परंपरेचं बोलू. दक्षिणेतली छापील कृती म्हणून जी कायम दाखवतात ती 1879 सालची, मॅरियन कॅबेल टायरी यांच्या 'हाउसकीपिंग इन ओल्ड व्हर्जिनिया'तली. चहा कुठला? हिरवा! सकाळी करून ठेवायचा, संध्याकाळी बर्फाने भरलेल्या पेल्यात ओतायचा. साखर पेल्यामागे दोन चमचे, तीही बर्फावर, आणि वर लिंबू पिळायचं. म्हणजे डुलुथकरांच्या व्याख्येने टायरीबाईही नापास.

पेठेतला

आइस टीचा शोध 1904 साली सेंट लुईसच्या जत्रेत लागला ना? रिचर्ड ब्लेचिन्डेन नावाचा गृहस्थ आपल्याकडचा चहा खपवायला गेला होता, उन्हाळ्यात गरम चहा कोण घेईना, म्हणून त्याने बर्फ घातला. म्हणजे श्रेय भारतालाच.

मोगरा

@पेठेतला, 1879 हे 1904 च्या आधी येतं. :) त्याने प्रसिद्धी मिळवून दिली हे खरं. त्याआधी अमेरिकेत हिरवा चहा बराच चाले आणि याला हिंदुस्थानातला काळा चहा खपवायचा होता, एवढं श्रेय घ्या.

डुलुथकर

टायरीबाईंचा तो आइस टी. स्वीट टी नावाची गोष्ट नंतरची, आणि तिची व्याख्या आमच्या राज्याच्या विधिमंडळातच होऊन गेली आहे. 2003 मध्ये जॉन नोएल या आमदाराने विधेयक मांडलं की ज्या हॉटेलात आइस टी मिळतो तिथे स्वीट टी मिळालाच पाहिजे, नाहीतर गुन्हा. एप्रिल फूलची गंमत होती, पण आत व्याख्या चोख दिली आहे: चहा करतानाच साखर घातलेला तो स्वीट टी. नंतर नाही!

तिखटजाळ

वा! आणि त्या व्याख्येत साखर किती ते लिहिलंय का? नाही ना? मग करतानाच अर्धा कप घातली तरी कायद्याने स्वीट टीच. स्वतःच्या साक्षीदारानेच गोत्यात आणलं.

डुलुथकर

…

बीकरवाला

'थंड चहात साखर विरघळत नाही' असं आता कुणीतरी म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. विरघळते. थंड पाण्यातही साखर स्वतःच्या वजनाहून जास्त मावते. अडचण वेगाची आहे: बर्फाच्या चहात ती तळाशी बसते आणि हात दुखेपर्यंत ढवळावं लागतं. पाक करून घातला तर तोही प्रश्न नाही. तेव्हा 'मुरते' वगैरे काव्य आहे, सोय हे खरं कारण.

मात्र ओट्यावर निवू देणं बरोबर. काळ्या चहातली थिआफ्लाविन्स (रंग देणारी द्रव्यं) आणि कॅफीन थंड होताना एकमेकांना धरतात आणि चहा गढूळ दिसतो. एकदम थंड केला तर जास्तच. सोड्याने तुरटपणा बोथट होतो आणि रंग गडद येतो. लिंबू पिळलं की उलट, रंग लगेच उजळतो. पण सोडा चिमूटभर म्हणजे खरंच चिमूटभर, नाहीतर साबणाचं पाणी.

आणि बरणी उन्हात ठेवून करतात तो 'सन टी' टाळा. ते पाणी नुसतं कोमट होतं, जंतू मरत नाहीत, उलट वाढायची सोय होते. न उकळता करायचा तर सरळ फ्रीजमध्ये रात्रभर भिजत ठेवा. तुरटपणा कमी, त्यामुळे साखरही आपोआप कमी लागते. माझ्या मते तोच सरस.

नाशिकची_चिवडाप्रेमी

मी इंडियन स्टोअरमधली सीटीसी (आपली नेहमीची दाणेदार) चहापूड वापरली, दहा मिनिटं ठेवली. काढ्यासारखा झाला. दोन कप साखरही त्याला वाचवू शकली नाही. कुठे चुकलं?

डुलुथकर

@नाशिकची_चिवडाप्रेमी, सीटीसी दुधासाठी असते. दुधातली प्रथिनं तिचा तुरटपणा ओढून घेतात, इथे ओढायला कुणी नाही. पूड निम्मी करा आणि चार मिनिटांत गाळा. नाहीतर सरळ पानांचा चहा आणा.

@बीकरवाला, फ्रीजमधला चहा छान असेल, पण त्याला अंग नसतं. साखरेने पेयाला येणारा जडपणा चमच्यांत मोजता येत नाही.

पाकवाला_पाहुणा

धाग्याचा खलनायक मीच. एक गोष्ट मालकांनी लिहिलेली नाही. हा चहा गोड असतो, कारण तो काठोकाठ बर्फावर ओतायचा असतो. बर्फ वितळतो, चहा पातळ होतो, जीभ गार पडून गोडी कमी लागते. मेकनच्या बाईंचे दोन कप त्या हिशेबाने आहेत. शनिवारी मला मिळाला तो कोमट, कारण बर्फ साडेसातलाच संपला होता. कोमट पाकाला पाक नाही म्हणायचं तर काय?

डुलुथकर

बर्फ कोण आणणार होतं, ते पण लिही.

पाकवाला_पाहुणा

गाडीत होता. पार्किंगमध्ये. 35 अंशात. पुढच्या वेळी दोन पिशव्या आणतो, तू दीड कप साखर घाल.

डुलुथकर

पावणेदोन.